पुण्यातील फसलेला प्रयोग आणि ‘इतिहास पहा’

१/९
२०११च्या पावसाळ्यात पुण्यातील काही महाविद्यालयांत एक अभिनव प्रयोग सुरू झाला. प्रकल्पाची फाइल प्राध्यापकांच्या कपाटात जमा करण्याऐवजी विद्यार्थ्यांनी थेट इंग्रजी विकिपीडियावर लेखन करायचे होते. नोव्हेंबरमध्येच तो प्रयोग गुंडाळावा लागला. त्या अपयशाची ही कथा.

२/९
या कथेचा आरंभ ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे होतो. डग्लस एंगलबार्ट यांनी भरसभेत संगणकाच्या पडद्यावर मजकूर दाखवला. सुमारे ५० किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेला सहकारीही त्याच वेळी त्याच पडद्यावर काम करीत होता.

३/९
२५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी कोणालाही संपादित करता येईल असे पहिले ‘विकी’ खुले केले. ‘विकी’ हा हवाई बेटांवरील शब्द, अर्थ ‘झटपट’. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्यांना हे नाव सुचले.

४/९
१५ जानेवारी २००१ रोजी याच तत्त्वावर विकिपीडिया सुरू झाला. २००३मध्ये मराठी आवृत्ती आली. तेथील प्रत्येक लेखाला ‘इतिहास पहा’ अशी एक कळ असते. कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, याची संपूर्ण नोंद तेथे मिळते.

५/९
२०१०मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत विकिपीडिया-लेखन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून योजले गेले. पाठोपाठ विकिमीडिया फाउंडेशनने पुण्याची निवड केली. विद्यार्थ्यांना साहाय्य करण्यासाठी स्वयंसेवक ‘कॅम्पस ॲम्बॅसेडर’ही नेमले गेले.

६/९
परंतु अल्पावधीतच पाठ्यपुस्तके आणि संकेतस्थळांवरील उतारे जसेच्या तसे लेखांत येऊ लागले. हा प्रताधिकाराचा भंग होता. जगभरातील स्वयंसेवी संपादकांना एकेक लेख तपासून असा मजकूर काढावा लागला. सूचना देऊनही नक्कल थांबेना.

७/९
सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पुस्तकातील उत्तर शब्दशः उतरवले की पूर्ण गुण, हीच सवय शाळेपासून लागलेली. वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडणे अनेकांना कोणी शिकवलेच नव्हते. त्यात लेखन इंग्रजीत, अनेक साहाय्यकही नवखे आणि पहिल्याच प्रयोगाचा आवाका अवाढव्य.

८/९
विशेष म्हणजे, पाठभेदांची काटेकोर नोंद ही पुण्याला नवलाईची गोष्ट नव्हती. याच शहरात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आढळतो, हे तिच्या पानोपानी तळटीपांत दिलेले आहे. अनेक हातांनी घडलेल्या ग्रंथात प्रत्येक शब्दाचा माग राखणे, हीच ती शिस्त.

९/९
साधनाने २०११मध्ये आपले काम चोख केले: प्रत्येक नक्कल नोंदली, म्हणूनच ती सापडली. उणीव होती ती साधन हाती देण्यापूर्वीच्या शिक्षणाची. आज गट-प्रकल्पाच्या सामायिक दस्तऐवजातही आवृत्त्यांचा इतिहास जतन होतो. प्राध्यापकांनी अंतिम प्रतीबरोबर तोही वाचला, तर कोणी विचार केला आणि कोणी केवळ नाव घातले, हे कळते. कच्च्या मसुद्यालाही गुण मिळू लागले, तर नकलेची गरजच बरीचशी उरणार नाही.