टिमथीच्या ताटात काय होतं?

मंडळी, मुलांनी हौसेने कासव पाळलंय आणि ‘प्रोटीन हवं ना!’ म्हणून तुम्ही त्याला अंडं-पनीर देताय? थांबा. इंग्लंडचे निसर्ग-अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७८० मध्ये आत्या वारल्यावर तिचं टिमथी हे कासव सेलबोर्नला आणलं. आत्याकडे ते तीसहून जास्त वर्षं होतं. पुढे १७९४ पर्यंत जगलं. त्याच्या आवडीचं खाणं व्हाइटनी नोंदवलंय: लेट्यूस, डँडेलायनसारख्या चिकाच्या वनस्पती. भूमध्य सागराकडच्या या जातीला पानांतलंच प्रोटीन पुरतं. जादाचा भार मूत्रपिंडांवर पडतो. दक्षिण अमेरिकेतलं लाल पायांचं कासव मात्र किडे, मेलेले प्राणीही खातं. आम्ही सीए नोंद करण्याआधी खातं कुणाचं ते बघतो. तुम्हीही आधी जात ओळखा, मग वाढा.