विषकन्येची जबानी

'फाम फताल' या फ्रेंच संज्ञेला मराठी प्रतिशब्द शोधू लागले की 'विषकन्या' हा शब्द चटकन हाताशी येतो. तो नेमका वाटतो खरा, पण त्यात एक गफलत आहे. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात जिचा उल्लेख येतो ती विषकन्या अमात्य राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली असते. चाणक्य तिचा रोख पर्वतकाकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. त्या मुलीला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न कोणाच्याच मनात येत नाही. ती दुसऱ्याच्या हातातले शस्त्र असते. १९४०च्या दशकात हॉलिवूडच्या ज्या गुन्हेपटांना पुढे 'फिल्म न्वार' हे नाव मिळाले, त्यांतील घातक स्त्रीचे भय नेमके उलट कारणाने वाटते. तिला स्वतःचे असे काही हवे असते: पैसा, मोकळीक, किंवा नुसते एका कंटाळवाण्या घरातून बाहेर पडणे. तरीही दोघींत एक साम्य उरतेच. दोघींची कथा सांगणारे तोंड त्यांचे स्वतःचे नसते. या साम्याचा माग घ्यायचा तर पडद्यापासून थोडे मागे, न्यूयॉर्कच्या एका न्यायालयापर्यंत जावे लागते.

मार्च १९२७ मध्ये क्वीन्स भागात राहणाऱ्या अल्बर्ट स्नायडर या गृहस्थाचा खून झाला. त्याची पत्नी रूथ आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी तो केला होता. ग्रे हा कॉर्सेट विकणारा फिरता विक्रेता. अल्बर्टच्या आयुर्विम्यात अपघाती मृत्यूसाठी दुप्पट भरपाईचे कलम होते. दरोड्याचा बनाव फसला, दोघे पकडले गेले आणि खटल्यात त्यांनी एकमेकांवर दोष ढकलला. रूथ निर्दोष नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परंतु ग्रेच्या वकिलाने बचाव कसा केला ते पाहण्याजोगे आहे. आपला अशील सालस माणूस, आणि ही स्त्री म्हणजे विषारी सर्पिणी, तिने त्याला विळख्यात घेतले, असे चित्र त्याने ज्यूरीपुढे उभे केले. ज्यूरीतले बाराही जण पुरुष होते. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार मिळाला तो १९३७ मध्ये. या बचावाने ग्रेचा जीव वाचला नाही. जानेवारी १९२८ मध्ये सिंग सिंग तुरुंगात दोघांनाही विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला. एका वार्ताहराने घोट्याला बांधून आत नेलेल्या छुप्या कॅमेऱ्याने टिपलेले रूथच्या अखेरच्या क्षणाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी 'डेली न्यूज'च्या पहिल्या पानावर झळकले. ग्रे विस्मृतीत गेला. ती प्रतिमा मात्र राहिली.

पुढे या एकाच घटनेला दोन वाटा फुटल्या. त्याच वर्षी, सप्टेंबर १९२८ मध्ये, सोफी ट्रेडवेल या पत्रकार-नाटककार स्त्रीचे 'मशिनल' हे नाटक ब्रॉडवेवर आले. या खटल्यावरून सुचलेले, पण त्याची हुबेहूब नक्कल न करणारे. टंकलेखनयंत्रांच्या खडखडाटात काम करणारी एक तरुणी, नकोसा वाटणारा वरिष्ठ, त्याच्याशीच झालेला विवाह, नकोसे मातृत्व, थोड्या दिवसांचा प्रियकर, खून आणि खुर्ची. नऊ प्रसंगांत मांडलेला हा प्रवास प्रेक्षक तिच्या बाजूने पाहतो, तिची घुसमट तिच्याच तुटक वाक्यांतून ऐकतो. आणि या नाटकातही न्यायालयात तिला पुरते बुडवते ते दूरदेशी निघून गेलेल्या प्रियकराचे लेखी निवेदन. ट्रेडवेलने दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते.

दुसरी वाट जेम्स केनची. त्याची 'डबल इन्डेम्निटी' ही लघुकादंबरी १९३६ मध्ये 'लिबर्टी' नियतकालिकातून क्रमशः आली. विमा, नवरा, पत्नी, प्रियकर हा ऐवज तोच. पण प्रियकर आता स्वतःच विमा एजंट आहे आणि सारी कथा त्याचा कबुलीजबाब आहे. १९४४ मध्ये बिली वाइल्डरने रेमंड चँडलरसह तिची पटकथा लिहून चित्रपट केला. तो सुरू होतो तोच जखमी वॉल्टर नेफ रात्री कचेरीत शिरून डिक्टाफोनपुढे बोलू लागतो तिथे. बार्बरा स्टॅनविकची फिलिस आपण पाहतो ती त्याच्या या निवेदनातून: जिन्यावरून उतरणारे पाऊल, घोट्यावरची साखळी, सोनेरी केसांचा टोप. ती निर्दय आहे, खुनाचा विषयही तीच प्रथम काढते. मात्र आगगाडीची युक्ती नेफची आहे, दुप्पट भरपाईचा हव्यासही त्याचाच. आपल्याच कंपनीला कसे फसवता येईल याचा विचार आपण आधीपासून करत होतो, हे तो स्वतःच डिक्टाफोनला सांगतो. इतके सांगूनही 'घातक' हे विशेषण तिला चिकटले आणि तो मात्र मोहात सापडलेला बिचारा ठरला. सर्पिणीची उपमा न्यायालयात हरली होती. चित्रगृहात ती जिंकली.

या स्त्रीप्रतिमेचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण युद्धाचे आहे. अमेरिकेच्या श्रमबळातील स्त्रियांचा वाटा १९४० मध्ये सुमारे २७ टक्के होता, तो १९४५ पर्यंत सुमारे ३७ टक्क्यांवर गेला. परतणाऱ्या सैनिकांना कमावत्या, स्वतंत्र स्त्रीची धास्ती वाटली आणि ती पडद्यावर उमटली, असे म्हटले जाते. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तारखा जुळवून पाहिल्या की ते अपुरे वाटते. 'डबल इन्डेम्निटी' युद्ध चालू असतानाच प्रदर्शित झाला, त्याचे कथानक १९३८ मध्ये घडते, मूळ कथा १९३६ची आणि तिच्यामागचा खटला १९२७चा. युद्धाने ही स्त्री जन्माला घातली नाही. आधीच रचून ठेवलेल्या एका बचावाला युद्धाने मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

हा बचाव काही चित्रपटांनी उघडाही पाडला. 'गिल्डा' (१९४६) या चित्रपटाचा निवेदक जॉनी. रिटा हेवर्थची गिल्डा स्वैर आहे हे आपण त्याच्याच नजरेने मानत जातो. अखेरीस एक पोलीस अधिकारी त्याला सुनावतो की तिने त्यातले काहीच केलेले नाही, ते सारे सोंग होते. म्हणजे संपूर्ण चित्रपटभर आपण ऐकले ते एका मत्सरी माणसाचे म्हणणे! 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४५) मध्ये उलट घडते. तेथे स्त्रीच आपली कथा सांगते. उपाहारगृहांची मालकीण झालेली मिल्ड्रेड पोलीस चौकीत बोलते, पण तपास अधिकारी तिच्या कथेतली चूक काढून शेवट आपल्या तोंडाने पुरा करतो. केनच्या १९४१च्या मूळ कादंबरीत खून नाहीच. तो चित्रपटकर्त्यांनी घातला. जबानी घ्यायला आधी गुन्हा हवा ना! पहाटे ती पहिल्या नवऱ्याबरोबर बाहेर पडते तेव्हा वाटेत दोन बायका गुडघ्यांवर बसून फरशी घासत असतात. दिग्दर्शक मायकेल कर्टिझने त्यावर काही भाष्य केलेले नाही. तशी गरजही नव्हती.

शिक्षेबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९३४ पासून कडक झालेल्या निर्मितिसंहितेनुसार गुन्हा करणारे पात्र निर्दोष सुटू शकत नसे. तेव्हा फिलिसचा शेवट पटकथेचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वीच ठरलेला होता. तो कथेचा निवाडा नव्हे, परवान्याची अट होती. १९७८ मध्ये 'विमेन इन फिल्म न्वार' या लेखसंग्रहात जेनी प्लेस यांनी दाखवून दिले की चित्रपट संपल्यावर स्मरणात राहते ते तिचे मरण नव्हे, तर तिचे सामर्थ्य. हे आम्हालाही पटते; मात्र त्या सामर्थ्याची मोजदादही नेफसारख्यांच्या निवेदनातूनच होते, एवढी पुस्ती जोडावीशी वाटते.

यापुढे 'डबल इन्डेम्निटी' पाहताना एक प्रयोग करून पाहावा. शेवटच्या भेटीत फिलिस नेफवर एक गोळी झाडते, दुसरी झाडत नाही. का, हे ती सांगते; पण ते तिचे सांगणे आपल्यापर्यंत पोहोचवतो तो तिला त्याच खोलीत ठार मारून आलेला माणूस. न्यायालयात अशा एकमेव साक्षीदाराची उलटतपासणी झाली असती. चित्रगृहात ती करण्याचे काम प्रेक्षकाचे आहे.