जुन्या रेझोनेटर गिटारचं वय कसं ओळखायचं?



जुन्या वस्तूंकडे इतिहासाचा पुरावा म्हणून कसं पाहायचं, हा आपला नेहमीचा विषय. आज त्यासाठी एक वाद्य घेऊ: रेझोनेटर गिटार. दिसायला चकचकीत धातूची, मधोमध मोटारीच्या चाकाच्या झाकणासारखी भोकांची तबकडी. डायर स्ट्रेट्स या इंग्रजी बँडच्या १९८५ सालच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमच्या मुखपृष्ठावर निळ्या आकाशात तरंगणारी गिटार अनेकांना आठवत असेल. ती हीच, १९३७ सालची.

असं वाद्य कुणाच्या घरी निघालं, की त्याच्याबरोबर एक कथाही निघते. 'आजोबांनी पहिल्या महायुद्धानंतर आणली', 'शुद्ध चांदीची आहे', वगैरे. लष्करात आम्हाला शिकवलेली एक गोष्ट इथे कामाला येते. सापडलेलं शस्त्र हातात आलं की आधी त्याची बनावट पाहायची, मग त्यावरचे शिक्के वाचायचे, आणि ते कुणाकडून कसं आलं ही कहाणी सर्वांत शेवटी ऐकायची. गिटारलाही हाच क्रम लावू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं आणि तिथून अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं. मांडीवर गिटार आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवत मींड काढायची, ही त्या वादनाची पद्धत. अडचण एकच होती. लाऊडस्पीकर अजून रंगमंचावर आलेले नव्हते आणि बँडच्या गोंगाटात गिटार ऐकूच जात नसे. जॉर्ज बोशां नावाचा वादक ही तक्रार घेऊन लॉस एंजेलिसच्या जॉन डोपेराकडे गेला. डोपेरा मूळचा स्लोव्हाक, १९०८ साली कुटुंबाबरोबर अमेरिकेत आलेला, हाताचा कसबी कारागीर. त्याने गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले. तारांची थरथर घोडीतून या शंकूंत उतरते आणि ते स्पीकरच्या पडद्यासारखे हलतात. वीज नाही, तरी आवाज मोठा. १९२७ साली ही 'ट्रायकोन' गिटार बाजारात आली. कंपनीचं नाव नॅशनल.

इथेच पहिला निकाल लागतो. १९२७ च्या आधीची धातूची रेझोनेटर गिटार असूच शकत नाही. आजोबांची पहिल्या महायुद्धानंतरची कथा तिथेच थांबते.

दुसरी हद्दही जवळच आहे. डोपेरा लवकरच नॅशनलमधून बाहेर पडला आणि भावांना घेऊन त्याने 'डोब्रो' कंपनी काढली. डोपेरा ब्रदर्सची आद्याक्षरं, आणि स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे चांगलं. पुढे १९३० च्या दशकातच दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या आणि १९३६ मध्ये कारभार शिकागोला गेला. दरम्यान बोशांनेच १९३१-३२ मध्ये रिकनबॅकरबरोबर विजेवर चालणारी स्टील गिटार आणली होती. ज्याने मोठा आवाज मागितला, त्यानेच शंकूची गरज संपवली. पुढे अमेरिका युद्धात उतरली, धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि नॅशनलच्या या गिटारी थांबल्या. म्हणजे मूळ काळ जेमतेम १४-१५ वर्षांचा. शोधाची हद्द एवढी लहान असेल तर काम सोपं होतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिलं हत्यार साधं लोहचुंबक.

चुंबक बॉडीला घट्ट चिकटलं तर ती पोलादी आहे. नॅशनलची सर्वांत स्वस्त 'ड्युओलियन' पोलादी असे. मंदीच्या काळात ती सुमारे साडेबत्तीस डॉलरला मिळे, आणि म्हणूनच ती ब्लूज वादकांच्या हातात गेली. चुंबक चिकटलं नाही तर बॉडी पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची. 'स्टाइल ओ' ही गिटार सुरुवातीचा थोडा काळ पोलादी होती, नंतर पितळेची झाली. वर निकेलचा मुलामा आणि त्यावर वाळूच्या माऱ्याने उमटवलेली ताडामाडाची हवाई बेटांची चित्रं. महागड्या ट्रायकोन जर्मन सिल्व्हरच्या. इथे एक घोटाळा टाळा. आपल्याकडे 'जर्मनचं पातेलं' म्हणतात ते ॲल्युमिनियमचं. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चांदी नावालाही नाही. तेव्हा चांदीची कथाही इथे संपली.

दुसरं हत्यार टॉर्च. तबकडीच्या भोकांतून आत बघा. सहा इंची तीन शंकू आणि त्यांना जोडणारी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची पट्टी दिसली तर ट्रायकोन. साडेनऊ इंची एकच शंकू, उलट्या ठेवलेल्या वाटीसारखा, आणि त्याच्या टोकावर लाकडाची गोल बिस्किटाएवढी चकती दिसली तर नॅशनलची एकशंकू गिटार. शंकू कढईसारखा वर तोंड करून बसलेला असेल आणि त्याच्या काठावर कोळ्यासारखी आठ पायांची धातूची घोडी टेकलेली असेल तर डोब्रो पद्धत. डोब्रोची बॉडी बहुतेक वेळा लाकडी असते.

तिसरी तपासणी दांडीची. आपली सवय पडदे मोजायची आहेच. दांडी बॉडीला १२ व्या पडद्याशी मिळते की १४ व्या? ड्युओलियन आणि स्टाइल ओ आधी १२ पडद्यांच्या होत्या. १९३४-३५ च्या सुमारास १४ पडद्यांच्या झाल्या. या दोन मॉडेलांत एफ अक्षराच्या आकाराच्या आवाजछिद्रांच्या कडाही बघा. सुरुवातीला त्या सपाट कापलेल्या असत, साधारण १९३३ पासून आत वळवलेल्या येऊ लागल्या. दांडी मागून चौकोनी असेल तर गिटार मांडीवर वाजवण्यासाठीच बनलेली. गोल असेल तर नेहमीसारखी धरून वाजवण्यासाठी. गोल दांडीच्या वरच्या टोकाला धातूची पट्टी सरकवून तारा उंच केलेल्या असतील, तर मूळची साधी गिटार नंतर कुणीतरी हवाईयन पद्धतीला वळवली आहे.

चौथा, क्रमांक. तो खुंट्यांच्या भागावर ठोकलेला असतो, बहुधा वरच्या कडेवर. ड्युओलियनच्या आकड्याआधी 'सी' अक्षर येतं, 'ट्रायोलियन' या मॉडेलच्या आकड्यानंतर 'पी'. बॉब ब्रोझमन या वादकाने नॅशनल वाद्यांवर लिहिलेल्या पुस्तकामुळे हे क्रमांक सालांशी ताडून पाहता येतात. मात्र क्रमांक नाही म्हणून वाद्य बनावट ठरवू नका. शिकागोच्या रीगल कंपनीने परवान्यावर केलेल्या डोब्रोंवर क्रमांक नसत.

आता एक उदाहरण सोडवू. समजा गिटारला चुंबक चिकटलं. आत एक शंकू, वर लाकडी चकती. छिद्रांच्या कडा आत वळलेल्या, दांडी १४ पडद्यांशी जोडलेली, आकड्याआधी 'सी'. म्हणजे ड्युओलियन. वळलेल्या कडा सांगतात, १९३३ च्या आधीची नाही. चौदा पडदे सांगतात, १९३४ च्या आधीची नाही. युद्ध सांगतं, १९४१ नंतरची नाही. उरलेल्या सहा-सात वर्षांत नेमकं साल क्रमांकावरून शोधायचं. प्रत्येक खूण फक्त 'याच्या आधीची नाही' किंवा 'याच्या नंतरची नाही' एवढंच बोलते. सगळ्यांच्या साक्षी जिथे जुळतात, तिथे साल असतं. एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

आणि विसंगती दिसली की थांबा. तबकडीला अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू आहेत? हे फिलिप्स स्क्रू वापरात आले १९३० च्या दशकाच्या मध्यावर. १९३१ च्या गिटारला ते दिसले तर कुणीतरी ती उघडली होती. शंकू बदललेला असू शकतो. डोब्रो असेल तर आणखी एक सावधगिरी: डोपेरा कुटुंबाने १९६७ मध्ये ती पुन्हा बनवायला घेतली. त्यामुळे जुनाट दिसणारी डोब्रो १९७० च्या दशकातलीही निघते.

आपल्या देशात हे सगळं कशासाठी शिकायचं? कारण हवाईयन गिटारचा भारताशी खरा संबंध आहे. हवाईत वाढलेले ताउ मो आणि त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहिलं, तिथल्या ग्रँड हॉटेलात वाजवत राहिलं. बंगालमध्ये ही गिटार घराघरात गेली, रवींद्रसंगीतात रुजली. व्हॅन शिपले यांनी ती हिंदी चित्रपटसंगीतात आणली, ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतात. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली मिळालेलं ग्रॅमी याच वाटेवरचं. या प्रवासाची कागदपत्रं फार थोडी उरली आहेत. उरली आहेत ती वाद्यं. ती कोणत्या साली बनली हे कळलं, तर कोणत्या काळात ती इथे आली असतील याचा अंदाज बांधता येतो.

आणि तीच वाद्यं आपण हौसेने बिघडवतो. गंजलं म्हणून पॉलिश मारतो, नवा मुलामा चढवतो, त्यात क्रमांक पुसला जातो आणि चित्रं झिजतात. शंकू दबला की कारागीर नवा बसवतो आणि जुना भंगारात जातो.

म्हणून घरात, क्लबात किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर अशी गिटार दिसली तर एवढं करा. कोरड्या मऊ फडक्याने फक्त धूळ पुसा. तारा सैल करा, कारण त्यांचा दाब शंकूवर येतो. क्रमांक, छिद्रांच्या कडा, दांडीचा जोड आणि टॉर्चच्या प्रकाशात आतला भाग यांचे फोटो काढा. दुरुस्ती करावीच लागली तर काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून वाद्याबरोबरच ठेवा. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: ही कुणी आणली, कुठून, कोण वाजवायचं? ते तारीख घालून लिहून ठेवा. साल गिटार सांगेल, पण वाजवणाऱ्याचं नाव तिच्यावर ठोकलेलं नसतं. ते त्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.