मारणाऱ्याला बायका जास्त मिळतात का?

१८७१ साली डार्विनने 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात लैंगिक निवडीच्या दोन वाटा वेगळ्या दाखवल्या. एक, नरांनी आपसांत झुंजायचं आणि जिंकेल त्याने मादी मिळवायची; हरणांची शिंगं या वाटेची. दुसरी, मादीनं पसंत करायचं. मोराचा पिसारा या वाटेचा. ही दुसरी वाट वॉलेससारख्या सहकाऱ्यालाही पटली नाही. आणि माणसांत निवडीची सत्ता पुरुषाने बळकावली आहे, असं डार्विन स्वतःच लिहून गेला. हे वाक्य पुढे फारसं कुणी लक्षात ठेवलेलं दिसत नाही.

आता एकदम १९८८ मध्ये येऊ. नेपोलियन शॅग्नन हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९६४ पासून व्हेनेझुएला-ब्राझील सीमेवरच्या यानोमामी लोकांमध्ये जात होते. त्यांचा निबंध 'सायन्स'मध्ये छापून आला. यानोमामींत ज्याच्या हातून माणूस मारला गेला, त्याला शुद्धीचा विधी करावा लागतो. अशा पुरुषाला उनोकाई म्हणतात. शॅग्नन यांनी मोजणी केली : उनोकाईंना इतरांच्या सरासरी अडीचपट बायका आणि तिप्पट मुलं. झालं! शूराला, म्हणजे खरं तर मारणाऱ्याला, स्त्रिया भाळतात हे जणू सिद्धच झालं, असा बोभाटा सुरू झाला.

आपण जरा थांबून विचारू, नेमकं मोजलं काय? बायका. पसंती नव्हे. यानोमामी समाजात मुलीचं लग्न बाप, भाऊ ठरवतात. धाडीत बायका पळवूनही आणतात. आपल्या स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले. त्यांवर आमचे पुष्कळ आक्षेप आहेत, पण एक गोष्ट त्यांनी नीट केली : परस्परांच्या इच्छेने होतो तो गांधर्व, आणि मारझोड करून, रडत असलेली मुलगी ओढून आणली तर तो राक्षस. दोन्हींना त्यांनी वेगळी नावं दिली. शॅग्नन यांच्या तक्त्यात ही दोन्ही लग्नं एकाच रकान्यात पडतात. भीष्माने काशीहून तीन राजकन्या आणल्या, म्हणून त्या त्याच्या पराक्रमावर भाळल्या होत्या असं आपण म्हणत नाही ना! अंबेला विचारा.

मोजणीतही गोम होती. वय वाढतं तशी मुलंही वाढतात आणि कुणाला मारल्याचे प्रसंगही. एक्केचाळीस वर्षांपुढचे पुरुष तेवढे घेतले, तर तिपटीचा फरक दुपटीच्याही आत येतो. ब्रायन फर्ग्युसन यांनी आणखी विचारलं, की मारता मारता जे तरुणच मेले, ते या हिशेबात कुठे आहेत? तक्ता जिवंतांचा. सूड घेताना गेलेला बिनलग्नाचा पोरगा त्यात येतच नाही. आमच्या मते हा आक्षेप सगळ्यांत जड आहे.

२००९ मध्ये इक्वेडोरच्या वाओरानींवरचा अभ्यास आला. हे लोक यानोमामींपेक्षाही जास्त रक्तपात करणारे. बेकरमन आणि सहकाऱ्यांनी ९५ योद्ध्यांचे वृत्तांत जमवले, मेलेल्यांसकट. तिथे जास्त धाडी घालणाऱ्यांना बायका जास्त नव्हत्या, आणि त्यांची जगलेली मुलं तर उलट कमी. अभ्यासकांचा तर्क असा, की यानोमामींत सुडाच्या दोन फेऱ्यांमध्ये शांततेचा काळ जातो, संसार होतो. वाओरानींत ती उसंतच नव्हती. म्हणजे 'पुरुषी आक्रमकता' नावाची वस्तू सगळीकडे एकच फळ देते, हेही गेलं.

हा वाद विद्यापीठात राहिला असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. त्याच सुमारास यानोमामींच्या रानात हजारो सोनेशोधे घुसले होते आणि ब्राझील सरकार त्यांच्या प्रदेशाचे एकोणीस तुकडे करू पाहत होतं. ब्राझीलच्या मानववंशशास्त्र संघटनेने १९८९ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेकडे तक्रार केली, की 'हिंस्र लोक' हे चित्र वर्तमानपत्रांतून उचललं जातंय आणि त्यांची जमीन काढून घ्यायला कारण होतंय. शॅग्नन यांचा तसा हेतू नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. अखेर १९९२ मध्ये तो प्रदेश सलग, राखीव म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, हाशिमू गावच्या सोळा यानोमामींची हत्या झाली. मारणारे सोनेशोधे होते.