फोल्डरची मांडणी कोणी लक्षात ठेवायची?

शाळेच्या प्रयोगशाळेतले कपाट आठवून पाहा. मोरचुदाची बाटली दुसऱ्या फळीवर डावीकडे आहे, हे शिक्षकांना कपाट न उघडताही सांगता येते. सुट्टीत कोणी सगळ्या बाटल्या अकारविल्हे लावून ठेवल्या, तर मांडणी अधिक शिस्तशीर होईल. पण शिक्षकांचा हात काही दिवस चुकतच राहील. वस्तू कुठे ठेवली आहे, यावरून ती आठवण्याची ही सवय संगणकातही उपयोगी पडेल का?

24 जानेवारी 1984 रोजी ॲपल कंपनीने मॅकिंटॉश संगणक लोकांपुढे आणला. त्यातील फायली दाखवणारा ‘फाइंडर’ हा प्रोग्रॅम ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिला होता. त्यात एखादा फोल्डर चित्रांच्या रूपात ठेवला, दुसरा यादीच्या रूपात, तर पुन्हा उघडल्यावर दोन्ही तसेच आणि पडद्यावर त्याच जागी दिसत. गंमत अशी, की हे फोल्डर खरे नव्हतेच! चकतीवर सगळ्या फायलींची एकच सलग यादी असे; फोल्डर हा फाइंडरने निर्माण केलेला देखावा होता. त्यामुळे दोन वेगळ्या फोल्डरांतही एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येत नसत.

1985 साली नवी फाइल-व्यवस्था आली आणि फोल्डर खरे झाले. प्रत्येक फोल्डरच्या नोंदीत मांडणीसाठी 16 बाइट राखलेले होते: खिडकीच्या चौकटीसाठी 8, फोल्डरच्या चित्राच्या जागेसाठी 4, चित्रे की यादी यासाठी 2 आणि इतर खुणांसाठी 2. ही नोंद चकतीवरच असल्याने चकती दुसऱ्या मॅकिंटॉशमध्ये घातली, तरी मांडणी सोबत जाई.

एका माणसाच्या एका संगणकासाठी ही योजना उत्तम होती. पण एकच चकती जाळ्यातून दहा जण पाहू लागले, तर मांडणी कोणाची खरी? शिवाय ज्या सीडीवर काही लिहिताच येत नाही, तिच्यावर आपली आवड कशी नोंदवायची?

ऑगस्ट 1995 मध्ये आलेल्या विंडोज 95 ने वेगळा मार्ग धरला. मांडणीची नोंद फोल्डरजवळ न ठेवता पाहणाऱ्याच्या संगणकातील ‘रजिस्ट्री’ नावाच्या नोंदवहीत ठेवली. आता दहा जणांना दहा मांडण्या ठेवता आल्या. पण वहीची पाने मोजकी होती. 2001 च्या विंडोज एक्सपीमध्ये ही मर्यादा मुळात 400 फोल्डरांची होती. ती ओलांडली, की जुन्या नोंदी पुसल्या जात. वापरणाऱ्याला कारण दिसत नसे. त्याला एवढेच जाणवे, की संगणक विसरला.

मार्च 2001 मध्ये आलेल्या मॅक ओएस टेन मध्ये एकच फोल्डर दोन खिडक्यांतून उघडता येऊ लागला. मग दोहोंपैकी कोणत्या खिडकीची मांडणी जपायची? वस्तूची जागा पक्की राहिली नाही, तर हाताला लागलेले वळण वाया जाते, अशी टीका जॉन सिराक्यूसा यांनी 2003 मध्ये विस्ताराने केली. लिनक्सवरील ग्नोमने 2004 मध्ये ‘एक फोल्डर, एक खिडकी’ हा जुना नियम पुन्हा आणला. पण फोल्डरांच्या आत फोल्डर उघडत गेले, की पडद्यावर खिडक्यांचा ढीग साचे. 2010 मध्ये ग्नोमने तो नियम सोडला.

2008 मध्ये केडीई 4 बरोबर आलेल्या डॉल्फिनने मधला मार्ग काढला. फोल्डरमध्ये लिहिता येत असेल, तर मांडणी तिथेच एका लपलेल्या फायलीत ठेवायची. नसेल, तर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या जागेत. आणि ज्याला हे नको, त्याला सर्व फोल्डरांसाठी एकच मांडणी निवडण्याची मुभा.

प्रश्न बाइटांचा कधीच नव्हता. ते सोळाच पुरले होते. मांडणी हा वस्तूचा गुण की पाहणाऱ्याची सवय, हा खरा प्रश्न होता. शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांना एका फोल्डरची मांडणी बदलायला सांगा, तो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडायला लावा. मांडणी सोबत आली का? तिची नोंद कुठे ठेवली असावी, ते त्यांनाच ठरवू द्या.