व्हेटरन्स हिस्ट्री प्रोजेक्ट
माजी अमेरिकी सैनिकांच्या युद्धस्मृती जपणारा वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मधील उपक्रम. १९९९ मध्ये कौटुंबिक मेळाव्यात वडील आणि घरातले आणखी एक ज्येष्ठ लढाईच्या आठवणी सांगू लागले, तेव्हा विस्कॉन्सिनचे लोकप्रतिनिधी रॉन काइंड यांनी त्या कॅमेऱ्यात टिपल्या. आपल्या लहानग्या मुलांना मोठेपणी ऐकता याव्यात म्हणून. त्यातूनच हा उपक्रम सुरू करणारा २००० सालचा कायदा झाला. मुलाखत किमान ३० मिनिटांची लागते; ती घेणारे नातवंडे, विद्यार्थी, शेजारीही असतात. मूळ पत्रे, रोजनिश्या, छायाचित्रेही स्वीकारली जातात. सेनापतींच्या आत्मचरित्रांत क्वचितच भेटणारे साधे शिपाई, परिचारिका इथे स्वतः बोलतात, बोलता बोलता गप्प होतात; ती शांतताही ध्वनिमुद्रणात राहते. हेच संग्रहाचे खरे मोल. २०१६ पासून हुतात्म्यांच्या निकटच्या कुटुंबीयांच्या आठवणीही घेतल्या जातात.