चारही चाकांचा हिवाळा

साब ही मुळात विमानं बांधणारी स्वीडिश कंपनी. दुसरं महायुद्ध संपलं, लढाऊ विमानांची मागणी आटणार हे दिसू लागलं, तेव्हा १९४५मध्ये तिथल्या मूठभर इंजिनियरांनी मोटार काढायचं मनावर घेतलं. गुन्नार ल्युंगस्ट्रोम त्यांचे प्रमुख. मोटारी बांधण्याचा अनुभव जवळपास कुणालाच नव्हता, आणि मला वाटतं, म्हणूनच रूढ वाट सोडायला ते कचरले नाहीत. बहुतेक गाड्यांचं इंजिन तेव्हा पुढे असे आणि जोर मागच्या चाकांना. यांनी इंजिन आडवं बसवलं आणि जोर पुढच्याच चाकांना दिला. जर्मनीत डीकेडब्ल्यूने आणि फ्रान्समध्ये सित्रोएनने पुढच्या चाकांना जोर आधीच दिला होता, पण बर्फाच्या देशात त्याचं मोल वेगळं ठरलं.

पहिला नमुना, उर्साब, आज ट्रोलहेट्टनच्या संग्रहालयात आहे. तिथे गेले की मी त्याच्या पुढच्या चाकांपाशी रेंगाळते. चाकं पत्र्याखाली जवळजवळ झाकलेली आहेत. विमानवाल्यांचं सगळं लक्ष हवेकडे! चाचण्यांत त्या पोकळीत चिखल आणि बर्फ गच्च बसायचा, त्यामुळे विक्रीच्या गाडीत चाकांभोवती जागा मोकळी करावी लागली. डिसेंबर १९४९मध्ये साब ९२चं उत्पादन सुरू झालं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, ताकद २५ अश्वशक्ती, आणि सुरुवातीच्या सगळ्या गाड्या हिरव्या.

मी गोथेनबर्गमध्ये गाड्यांच्या ब्रेक आणि सस्पेन्शनवर काम करते, त्यामुळे या रचनेचं मला मनापासून कौतुक आहे. इंजिनाचं वजन ज्या चाकांवर, तीच चाकं गाडी ओढतात. बर्फातून गाडी हलवायला यासारखा सोपा उपाय नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या व्होल्व्होंच्या डिकीत लोक हिवाळाभर वाळूची पोती ठेवायचे, ती मागच्या चाकांवर भार यावा म्हणूनच. आपल्याकडे १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि अॅम्बॅसॅडर-पद्मिनीची सवय असलेल्यांना पुढच्या चाकांचा जोर कळला. इथे तो बर्फाने शिकवला होता.

पण बर्फावरच्या गाडीची निम्मी गोष्ट साबची नाहीच, ती फिनलंडची आहे. नोकिया गावातल्या रबर कारखान्याने १९३४मध्ये खास हिवाळ्यासाठी टायर काढला, तोही ट्रकसाठी. न उपसलेल्या बर्फात मालवाहतूक अडत होती, ही खरी नड. १९३६मध्ये मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा नावाचा टायर आला आणि १९६१मध्ये त्याला धातूचे खिळे बसले.

हा टायर हातात घेऊन बघावा. आडव्या, रुंद खाचा असतात, त्यांत बर्फ ठासून भरतो. तो तसा भरायलाच हवा, कारण बर्फाला सगळ्यांत घट्ट धरतो तो बर्फच. प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा निसरड्यावर टेकतात. आणि रबर? उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. सर्वांत घातक बर्फ शून्याच्या आसपासचा, कारण त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. उणे २०ला तोच बर्फ बऱ्यापैकी पकड देतो. खिळे खरे कामी येतात ते त्या ओल्या बर्फावर. मात्र ते रस्ताही उकरतात. पश्चिम जर्मनीने १९७५मध्ये खिळ्यांवर बंदी घातली आणि स्टॉकहोमच्या हॉर्न्सगातान रस्त्यावर, उडणाऱ्या धुळीपायी, २०१०पासून खिळ्यांच्या टायरना मज्जाव आहे. दोन्ही निर्णय मला पटतात.

पुढचा जोर आणि हिवाळी टायर यांची जोडी जगाने पाहिली ती मॉन्टे कार्लो रॅलीत. एरिक कार्लसनने साब ९६ घेऊन १९६२ आणि १९६३ अशी लागोपाठ दोन वर्षं ती जिंकली. १९६५च्या हिमवादळात २३७ गाड्या निघाल्या, मोनॅकोला ३५च पोचल्या. जिंकला तो फिनलंडचा टिमो मॅकिनेन, छोट्या मिनी कूपरमध्ये. तीही पुढच्या चाकांची. या उत्तरेच्या चालकांची एक खुबी होती. पुढच्या चाकांची गाडी बर्फावर वळायला मागत नाही, नाक सरळ पुढेच जातं. अशा वेळी ते उजवा पाय अॅक्सिलरेटरवर ठेवूनच डाव्या पायाने ब्रेक दाबत. पुढची चाकं इंजिनाच्या जोरावर फिरत राहत, मागची आवळली जात, शेपूट बाहेर फिरे आणि नाक वळणात येई.

म्हणजे मागच्या चाकांची पकड सुटली की गाडी फिरते. रॅलीवाले हे ठरवून करत, रस्त्यावर ते आपसूक घडतं. गाड्यांना जोर मागच्या चाकांचा होता तेव्हा अनेक ठिकाणी लोक बर्फाचे टायर दोनच घेत आणि मागे लावत. निघायला जड गेलं तरी मागची बाजू धरून राहायची. पुढच्या जोराच्या गाड्या घरोघरी आल्या, जोडीची सवय टिकली आणि टायर पुढे गेले. गाडी झोकात निघते, वळणावर ब्रेक लागला की मागून उन्हाळी टायर घसरतात आणि क्षणात तोंड उलट्या दिशेला होतं. खर्च वाचवण्याची ही रीत मला अक्षम्य वाटते. पुढचा जोर गाडी हलवतो. थांबवणं चारही टायरांचं काम आहे.

पुण्याहून इथे नव्याने आलेली मंडळी दर हिवाळ्यात मला विचारतात, "ताई, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, मग दोन टायर पुरे ना?" नाही, चार घ्या. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च, रस्ता हिवाळी असेल तेव्हा, ते कायद्यानेच लागतात आणि नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल हवी. कायद्याची वाट बघू नका. नोव्हेंबरातच नक्षी मोजा, आणि टायर जोड्यांनी कमी-जास्त झिजले असतील तर चांगली जोडी मागे लावा.